कोकणच्या दमट हवेत टिकणारा चामड्याचा भाता: मापापासून मेणापर्यंत

लाकडी किंवा बांबूचे बाण वापरणारी मंडळी हल्ली भाता स्वतः शिवू लागली आहेत, आणि मला दाखवायला आणलेल्या भात्यांत बहुतेकदा त्याच त्या चुका असतात. शिवण चांगली असते, कातडंही महागाचं असतं. पण पट्टा खालच्या बाजूला लावायला जागाच उरलेली नसते, बूड उलटं बसवलेलं असतं, किंवा ओलं कातडं मेणाने बंद करून टाकलेलं असतं. पुण्या-नाशकाच्या हवेत यातलं काही खपून जातं. दापोली, गुहागर, मालवणात खपत नाही. म्हणून हा लेख. कौशल्यापेक्षा क्रम महत्त्वाचा आहे, तेव्हा एकदा शेवटपर्यंत वाचा आणि मगच रापी (चामडं कापायची सुरी) हातात घ्या.

इथे पाठीवरचा, साधारण १२ बाणांचा भाता धरला आहे. बाण उजव्या हाताने ओढणाऱ्यांसाठी तो उजव्या खांद्यावर येतो.

१. हंगाम आधी ठरवा

ओल्या कातड्याचं काम दसऱ्यानंतर सुरू करा आणि मेच्या मध्यापर्यंत संपवा. जून ते सप्टेंबर फक्त कागदावरचा नमुना काढा, दोरा मेणवा. माझा पहिला भाता मी श्रावणात केला. वरून हाताला कोरडा लागला म्हणून मेण चोळलं आणि खुंटीला टांगला. आठव्या दिवशी आत हात घातला तर बोटांना पांढरी भुकटी लागली आणि ओल्या गोणपाटासारखा वास आला. बुडापर्यंत बुरशी होती. कातडं वाया गेलं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच खोलीतली बाणांची पिसंही झटकून उन्हात घालावी लागली.

२. कातडं निवडणं

झाडाच्या सालीने कमावलेलं कातडं घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, कोल्हापुरी चपलेसाठी विकतात त्या जातीचं म्हशीचं कातडं या कामाला उत्तम. जाडी ३ मिलीमीटर. अडीचच्या खाली गेलात तर भात्याचं तोंड मिटतं, साडेतीनच्या वर गेलात तर घरच्या हत्यारांनी वळत नाही. भाता, बूड आणि पट्टा मिळून साधारण ५ चौरस फूट लागतं. पट्ट्यासाठी लांबी मिळते का ते दुकानातच पाहा.

क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं कातडं मऊ आणि स्वस्त असतं, पण ओलं करून साच्यावर चढवलं तरी आकार धरत नाही. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा: सालीचं कातडं आरपार तपकिरी दिसतं, क्रोमच्या कातड्याच्या पोटात करडी-निळसर रेघ असते. दुसरी परीक्षा पाण्याची. गुळगुळीत बाजूवर एक थेंब टाका. सालीचं कातडं तो पिऊन तिथे गडद होतं. क्रोमवर किंवा वरून लेप दिलेल्या कातड्यावर थेंब तसाच बसून राहतो.

कातड्याच्या पाठीचा भाग घ्या, पोटाचा नको. पोटाकडचं कातडं सैल असतं, दोन बोटांत धरून दुमडलं की त्यावर मोठ्या सुरकुत्या पडतात. त्याचा भाता दोन महिन्यांत पिशवीसारखा लोंबतो.

कच्च्या, न कमावलेल्या कातड्याचा मोह काहींना पडतो, कारण वाळल्यावर ते लाकडासारखं कडक होतं. कोकणात ते चालत नाही. भाद्रपदात भजनाला बसलेल्यांना विचारा, पखवाजाचं पान दमट हवेत कसं उतरतं. भात्याचंही तेच होतं, तो खाली बसतो.

*सावधान:* जुन्या घरात सांबराचं किंवा भेकराचं कातडं सापडलं तर ते कामाला घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांसह सर्व गोवंशाच्या हत्येवर बंदी आहे, म्हणून कातडं म्हशीचं किंवा शेळीचं असल्याची पावती दुकानदाराकडून घ्या आणि जपून ठेवा.

३. बाण मोजा, मग भाता

भात्याची खोली बाणावरून निघते. तुमच्याकडचा सगळ्यात आखूड बाण घ्या. त्याची टोकापासून खाचेपर्यंतची (मागे जिथे धनुष्याची दोरी बसते तिथपर्यंतची) लांबी मोजा. खाचेपासून पिसांच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर वजा करा. पिसं तोंडाच्या कडेला घासू नयेत म्हणून आणखी ४ सेंटिमीटर वजा करा. उरली ती आतली खोली.

उदाहरणार्थ, बाण ७३ सेंमी, पिसांचं खालचं टोक खाचेपासून १३ सेंमी. ७३ मधून १३ आणि ४ गेले, राहिले ५६. बूड कडेपासून थोडं आत बसतं आणि त्यावर घोंगडीचा तुकडा येतो, म्हणून कापायच्या तुकड्याची उंची ५८ सेंमी धरायची.

पिसं भात्याच्या आत बुडतील इतका खोल भाता करू नका. बाहेर काढताना एकमेकांत अडकून पिसं उलटी होतात, आणि आत कोंदट हवेत राहिली की चपटी होतात.

४. कागदी नमुना

तोंडाचा आतला व्यास ११ सेंमी, बुडाचा ९ सेंमी. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. ११ ला ३.१४ ने गुणून ३४.५ सेंमी रुंदी कापतात आणि मग भाता साच्यावर चढत नाही. कातड्याला जाडी असते, ती धरलीच पाहिजे. व्यासात ३ मिमी मिळवा, मग गुणा:

तोंड: ११३ × ३.१४ = ३५५ मिमी
बूड: ९३ × ३.१४ = २९२ मिमी

दोन्हींत १२ मिमी शिवणीसाठी मिळवा. म्हणजे ३६७ आणि ३०४.

आता दुसरी खुबी. निमुळत्या भात्याची वरची आणि खालची कड सरळ रेषेत कापली तर भाता मिटल्यावर तोंड एका बाजूला उतरतं दिसतं. वरच्या कडेचा मध्य कोपऱ्यांपेक्षा ५ मिमी वर घ्या आणि हलकी कमान काढा. खालच्या कडेचा मध्य ४ मिमी वर घ्या, म्हणजे तीही कमान वरच्याच दिशेला. दोन्ही कमानी एकाच बाजूला वळल्या पाहिजेत. पुष्कळ जण खालची कमान उलटी काढतात आणि बूड डगमगतं.

*तपासणी:* जाड कार्डबोर्डचा नमुना वळवून चिकटपट्टीने जोडा, टेबलावर उभा करा. तोंडावर एखादं ताट ठेवा. ताट कलतं असेल तर कमान चुकली. बाणही घालून पाहा. कातड्यावर जाण्याआधी इथेच सगळं दुरुस्त करा, कागद फुकट असतो.

५. कापणं आणि कड तासणं

नमुन्याची लांब बाजू जनावराच्या कण्याच्या दिशेत ठेवा. खुणा सुईच्या टोकाने करा, बॉलपेनची शाई तेल लावल्यावर वर येते. रापीला धार लावूनच बसा आणि दर दोन कापांनंतर धार लावायच्या चामडी पट्टीवर फिरवा. एका दमात आरपार कापायचा हट्ट नको, दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कड सरळ येते.

शिवणीच्या दोन्ही उभ्या कडा आतल्या बाजूने १२ मिमी रुंदीत अर्ध्या जाडीपर्यंत तासून घ्या. न तासलेली कड आत पायरीसारखी राहते आणि बाणाचं टोक प्रत्येक वेळी तिथेच अडतं.

६. भोकं, सपाट असतानाच

उभ्या कडेपासून ६ मिमीवर कंपासने रेघ ओढा. वरून १५ आणि खालून १५ मिमी सोडून दर ५ मिमीला एक खूण. ५८ सेंमी उंचीला दोन्ही कडांवर प्रत्येकी १११ भोकं आली पाहिजेत. खालच्या कडेपासून ८ मिमीवर बुडासाठीही एक ओळ पाडून घ्या.

*तपासणी:* भोकं मोजा. एका कडेला १११ आणि दुसऱ्या कडेला १०९ असतील, तर वर पोचेपर्यंत शिवण पिळलेली असेल आणि ती उसवण्याशिवाय इलाज नाही.

७. पट्ट्याच्या गाठी, आत्ताच

याच टप्प्यावर भाते सर्वाधिक वाया जातात. पट्टा भात्याला दोन ठिकाणी जोडला जातो: तोंडाखाली ४ सेंमीवर आणि बुडाच्या वर साधारण १० सेंमीवर. एकदा भाता मिटला की ५८ सेंमी खोल आणि ९ सेंमी अरुंद नळीत ना ऐरण जाते, ना हातोडी. म्हणून दोन्ही ठिकाणचे पट्ट्याचे तुकडे कातडं सपाट असतानाच रिव्हेट मारून पक्के करा. दोन्ही शिवणीच्या कडेपासून ३ सेंमीवर, एकाच रेषेत. शिवण आणि पट्टा दोन्ही पाठीकडे येतात, बाहेरून दिसत नाहीत.

रिव्हेट पितळेचे किंवा तांब्याचेच. सालीने कमावलेल्या कातड्यात टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, असतं. लोखंड, पाणी आणि टॅनिन एकत्र आले की काळा डाग पडतो, शाईसारखा आणि न निघणारा. जुन्या काळी शाईच या रीतीने करत. खाऱ्या हवेत आणि घामात तो डाग महिन्याभरात रिव्हेटभोवती पसरतो. मी एकदा ‘पितळी’ म्हणून मागवलेले रिव्हेट आतून लोखंडी निघाले, वर नुसता मुलामा. पाठीवर पहिला घाम आला आणि प्रत्येक रिव्हेटभोवती काळं कडं उमटलं. तेव्हापासून प्रत्येक रिव्हेटला आणि बकलाला चुंबक लावून पाहतो. चिकटलं तर परत.

याच कारणाने ओल्या कातड्यावर लोखंडी चिमटे, खिळे, पकड ठेवू नका. अडकवायला लाकडी कपड्यांचे चिमटे घ्या, त्यांची तार कातड्याला टेकू देऊ नका.

रंग लावायचाच असेल तर तोही या टप्प्यावर, शिवणीआधी. वाळल्यावर कोरड्या फडक्याने घासत राहा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. नाहीतर पुढे ओलं करताना रंग दोऱ्यात उतरेल. माझं मत विचाराल तर पहिल्या भात्याला रंग नकोच. तेलाने आणि उन्हाने हे कातडं वर्षभरात आपोआप काजूच्या बोंडासारखा रंग धरतं.

८. वजन करा आणि भिजवा

भिजवण्याआधी कोरडा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून त्याचं वजन लिहून ठेवा. हा आकडा पुढे लागणार आहे.

मग प्लॅस्टिकच्या टपात स्वच्छ पाण्यात तुकडा बुडवा. बुडबुडे येतील. ते कमी होत थांबले की लगेच काढा, निथळू द्या. रात्रभर भिजत ठेवायचं नाही. काढल्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोन-तीन तास ठेवा, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी पोचते. घाटावरचे कारागीर ते एक-दोन दिवस गुंडाळून ठेवतात. आपल्याकडे इतका वेळ ठेवलं तर वास धरतं.

उघडल्यावर थोडा वेळ हवेत ठेवा. काम सुरू करायची वेळ अशी ओळखायची: रंग जवळजवळ मूळचा झालेला असतो, पण गालाला लावलं की गार लागतं. तेव्हा दाबलं तर पाणी येत नाही आणि वळवलं तर तडा जात नाही.

९. उभी शिवण: खालून वर

मेणवलेला पॉलिएस्टर किंवा तागाचा दोरा, दोन टोकांना दोन बोथट सुया. शिवणीच्या लांबीच्या चौपट आणि वर हातभर दोरा लागतो. ५५ सेंमीच्या शिवणीला पावणेतीन मीटर. एवढा दोरा ओढताना गुंतागुंत होते, म्हणून दोन भागांत शिवा, प्रत्येकी १६० सेंमी दोरा घेऊन, आणि जोडावर तीन भोकं एकमेकांवर येऊ द्या.

आधी दर दहाव्या भोकात तात्पुरता दोरा घालून दोन्ही कडा एकमेकींवर बांधून घ्या. सोल्युशन (चामडं चिकटवायचा गोंद) लावू नका, ओल्या कातड्यावर ते धरत नाही.

सुरुवात बुडाकडून, अरुंद टोकापासून. वरून सुरू केलं तर शेवटी हात अरुंद बाजूला अडकतो आणि आतली सुई दिसतही नाही, सापडतही नाही. खालून वर गेलात तर वरचा भाग उघडाच असतो. तात्पुरता दोरा सोडत जायचं आणि त्या फटीतून हात आत घालायचा.

टाका असा. उजवी सुई भोकातून डावीकडे अर्धी काढा. डावी सुई त्याच भोकातून उजवीकडे, पण नेहमी पहिल्या दोऱ्याच्या एकाच बाजूने, समजा खालून. मग दोन्ही हातांनी सारख्या जोराने ओढा. दोरा कातड्यात किंचित रुतला की थांबा. ओल्या कातड्यात जास्त जोर लावला तर दोरा करवतीसारखा भोकातून भोकात चिरत जातो. एखाद्या टाक्याला डावी सुई वरून घातली गेली तर तो टाका तिरका दिसतो आणि सगळ्या ओळीत उठून दिसतो, तेव्हा लगेच मागे या.

सुई दुसऱ्या दोऱ्याच्या पोटातून जाऊ देऊ नका. दोन्ही दोरे ओढून पाहा, दोन्ही मोकळे सरकले पाहिजेत. शेवटी तीन भोकं मागे येऊन दोरा आतून कापा.

१०. साचा

बांधकामाच्या दुकानात ९० मिमी बाहेरील व्यासाचा पीव्हीसी पाइप मिळतो. ७० सेंमी लांबीचा तुकडा घ्या. वरच्या टोकाला जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळा, वर जाड आणि खाली पातळ होत जातील अशा, म्हणजे वरचा व्यास ११० मिमी होईल. त्यावर प्लॅस्टिक ओढा. पाइप तोंडाकडून भात्यात सरकवा, हाताने चोळून कातडं बसवा, शिवण लाकडी हातोडीने हलके ठोकून सपाट करा.

पाइप एक रात्रच आत ठेवायचा. सकाळी आकार धरलेला असतो. पाइप तसाच राहिला तर बाहेरून कातडं वाळतं आणि आत पाणी अडतं, बुरशी तिथूनच सुरू होते. पाइप काढून भाता सावलीत, वारा येईल तिथे उलटा टांगा. ऊन नको, चुलीची धग नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको. घाईने वाळलेलं कातडं ठिसूळ होतं आणि तोंड आकसतं.

११. बूड

१२ सेंमी व्यासाची चकती कापा, भिजवा आणि ८४ मिमी व्यासाच्या डब्याच्या तळावर ताणून सुतळीने आवळून बांधा. सुरकुत्या बोटांनी दाबत जा. वाळली की वाटीसारखा आकार येतो. ८४ का? दोन्ही बाजूंची ३ मिमी जाडी मिळाली की बरोबर ९० होतात. काठ १५ मिमी ठेवून बाकी कापा. तळाला ५ मिमीची तीन भोकं पाडा. पावसात भिजलेला बाण आत गेला की पाण्याला वाट हवी.

वाटी भात्यात बसवताना तिचं तोंड खाली, जमिनीकडे. काठ भात्याच्या कडेला भिडला पाहिजे. मग एक सुई बाहेरून आणि दुसरी खालच्या खोलगट जागेतून, दोन्ही हातात राहतात. वाटी उताणी घातली तर आतली सुई ५६ सेंमी खोलात जाते आणि शिवताच येत नाही. भात्याच्या आधीच पाडलेल्या भोकांतून आरीने (चांभाराच्या टोच्याने) वाटीच्या काठात भोकं करा आणि वरच्याच टाक्याने शिवा.

आत घोंगडीचा गोल तुकडा टाका, चिकटवू नका. बाणाची टोकं त्यावर विसावतात, आवाज होत नाही, आणि तो काढून वाळवता येतो. काथ्याची गादी टाळा, ती ओल धरून ठेवते.

१२. खरंच वाळलाय का?

हाताला कोरडं लागणं हा पुरावा नव्हे. पुन्हा काट्यावर ठेवा. भिजवण्याआधी लिहिलेल्या वजनात दोरा आणि वाटी मिळवा. त्या आकड्याच्या १०-१५ ग्रॅमच्या आत आलात आणि सलग दोन दिवस वजन बदललं नाही, तर वाळला. डिसेंबर-जानेवारीत याला तीन-चार दिवस लागतात, ऑक्टोबरात आठवडाही लागतो. त्याआधी तेलाला हात लावायचा नाही.

१३. कडा, तेल, मेण

आधी कडा, कारण तेलकट कड घोटली जात नाही. तोंडाची आणि बुडाची कड बारीक पॉलिश पेपरने गोल करा, डिंकाचं पाणी लावा आणि जाड कापडाने किंवा गुळगुळीत लाकडाने घासा. दोन-तीन मिनिटांत कड काचेसारखी चमकायला लागते.

मग तेल. घरात खोबरेल असतं म्हणून तेच थापतात, आणि भाता मऊ पडतो. मी एक भाग मधमाशांचं मेण, एक भाग कोकमाचं मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) आणि दोन भाग एरंडेल वजनाने घेऊन उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवतो. थेट आचेवर कधीही नाही, मेण पेट घेतं. कोमट असताना फडक्याने पातळ हात द्या, रात्रभर मुरू द्या, सकाळी जादा पुसा. दुसरा हात आठवड्याने. आतून फक्त तोंडाजवळ बोटभर लावा, बाकी आतली बाजू मोकळी राहू दे, म्हणजे आत गेलेली ओल बाहेर यायला वाट राहते.

तोंडाला केसाळ शेळीच्या कातड्याची किनार देणारे आहेत. दिसते छान, पण आपल्याकडे त्या केसांत किडा आणि बुरशी दोन्ही लवकर शिरतात. मी देत नाही.

१४. पट्टा

४० मिमी रुंद, पितळी बकलाचा. लांबी अंदाजाने कापू नका. भात्यात बाण भरा, सुतळीने अंगावर बांधा, कोणाला तरी मागून धरायला सांगा. हात खांद्यावरून मागे नेल्यावर बोटं न चाचपडता खाचेवर पडली पाहिजेत. मग पुढे वाका. बाण डोक्यावरून घसरत असतील तर वरचा बंद आखूड करा. सुतळीच्या मापात बकलासाठी १५ सेंमी धरून मगच पट्टा कापा, आणि भोकं आखूड बाजूला जास्त ठेवा, कारण पट्टा पहिल्या महिन्यात ताणला जातो.

१५. पावसाळ्यात

बाण बाहेर काढून ठेवा. भाता प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत किंवा ओल येणाऱ्या भिंतीलगतच्या कपाटात ठेवू नका. आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद भरून घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत, भिंतीपासून हातभर दूर, तोंड खाली करून टांगा. चूल पेटत असेल तर माळ्यावर ठेवा, पण थेट चुलीच्या वर नव्हे. दर आठ दिवसांनी कागद बदला आणि आत हात घालून बोटं नाकाशी न्या, बुरशी डोळ्याला दिसण्याआधी वासाने कळते. लागलीच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन फडकं पिळून पुसा, वाऱ्यावर वाळवा, आणि वजन पुन्हा जागेवर आलं की मेणाचा एक पातळ हात द्या.